गाडी तापते म्हणजे कधी तापते?

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमाराला, खंबाटकी घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांच्या रांगेत माझीही गाडी होती. साताऱ्याकडे जाताना घाट चढायचा आणि पुण्याकडे येताना बोगद्यातून यायचं, असा तेव्हाचा रस्ता. त्यामुळे ही रांग नेहमी जाणाऱ्यांचीच. दहा वर्षं वापरलेली पेट्रोल हॅचबॅक, आत चार माणसं, एसी चालू. मधल्या खुणेवर मुक्काम ठोकून बसलेला काटा उठला आणि दोन वळणांत लाल पट्टीला टेकला. मग फुसफुस, मग वाफ, मग कूलंटच्या बाटलीतून उतू जाऊन डांबरावर पसरलेलं हिरवट पाणी.

पुढच्या महिन्याभरात गॅरेजवाल्याने आधी रेडिएटर बदलला, नंतर वॉटर पंप. दोन्ही वेळा मी निमूटपणे पैसे मोजले. गाडी शहरात छान चालली आणि घाटात पुन्हा तापली. तिसऱ्या खेपेला मी गॅरेज बदललं. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी बॉनेटला हात लावायच्या आधी विचारलं, "साहेब, गाडी तापते म्हणता, पण कधी तापते?"

"घाटात."

"ते झालंच. थांबल्यावर काटा उतरतो का वाढतो? एसी बंद केल्यावर फरक पडतो? सकाळी बाटलीत पाणी किती असतं, पाईप कसा दिसतो?"

एकाचंही उत्तर मला धड देता आलं नाही. "मग बघून या," ते म्हणाले, "पार्ट काय, उद्यापण बदलता येतो."

तापणाऱ्या गाडीचं निदान पान्याने होत नाही, ते या प्रश्नांनी होतं. पण प्रश्न कळायला आत काय चाललंय ते थोडं माहीत हवं.

इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचे ढोबळ मानाने तीन वाटे होतात. एक गाडी ओढतो, एक सायलेन्सरमधून धुराबरोबर जातो आणि तिसरा इंजिनच्या धातूत मुरतो. हा तिसरा वाटा उचलून बाहेर टाकणं हे कूलंटचं काम. सिलिंडरभोवतीच्या पोकळ वाटांमधून पंप ते फिरवत राहतो. इंजिन थंड असताना ते आतल्या आतच फिरतं, कारण रेडिएटरकडचा दरवाजा थर्मोस्टॅटने बंद ठेवलेला असतो. साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला हा दरवाजा उघडायला लागतो. मग गरम कूलंट एका जाड रबरी पाईपने रेडिएटरमध्ये जातं, तिथल्या बारीक नळ्यांमधून जाताना वाऱ्याने निवतं आणि दुसऱ्या पाईपने परत येतं. गाडी पळत असेल तर समोरचा वारा पुरतो. उभी असेल किंवा रांगत असेल तर पंखा लागतो. तो ९५ ते १०० अंशांच्या आसपास सुरू होतो आणि पाच-सात अंश उतरले की थांबतो.

आता रेडिएटरच्या झाकणाकडे बघा. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाबाचा, बार या मापात. घरातल्या कुकरची शिट्टी उडते तीही साधारण १ बारलाच, म्हणजे रेडिएटर हा शिट्टी न होणारा कुकरच म्हणायचा. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळतं, कुकरात १२० च्या आसपास. गाडीत त्यावर आणखी कूलंटची भर: निम्मं पाणी आणि निम्मं ग्लायकॉल असं मिश्रण मोकळ्या हवेतही १०७-१०८ अंशांपर्यंत दम धरतं आणि दाबाखाली १२५ च्या पुढे जातं. घाटात इंजिन १०५ ला पोचलं तरी आतलं कूलंट उकळत नाही ते या दोन गोष्टींच्या जिवावर. शिट्टी होत असताना कुकरचं झाकण कोणी उघडत नाही. गाडीचं मात्र ओलं फडकं घेऊन उघडायला निघालेले शहाणे दर घाटात भेटतात. तोंडावर येणारं ते पाणी शंभराच्या वरचं असतं.

निदानातला पहिला प्रश्न असा, की गाडी खरंच तापलीय का? डॅशबोर्डवरचा काटा भोळा नसतो. चालकाने उगाच घाबरू नये म्हणून अनेक गाड्यांत तो साधारण ८० पासून १०५ अंशांपर्यंत मध्येच धरून ठेवलेला असतो. तो हलताना दिसला, तोवर गोष्ट बरीच पुढे गेलेली असते. कित्येक छोट्या गाड्यांना तर काटाच नाही. निळा दिवा म्हणजे इंजिन थंड, लाल दिवा म्हणजे गाडी बाजूला घ्या; मधलं काही नाही.

खरा आकडा बघायची सोय मात्र स्टिअरिंगखाली असते. भारतात २०१३ नंतर विकल्या गेलेल्या जवळजवळ सगळ्या मोटारींना सोळा पिनांचं ओबीडी सॉकेट आहे. हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ अडॅप्टर त्यात खोचायचा, फोनवर अ‍ॅप टाकायचं, की कूलंटचं तापमान अंशाअंशाने दिसतं. मला विचाराल तर जुनी गाडी बाळगणाऱ्याने स्टेपनीइतकंच हे यंत्रही जवळ ठेवावं.

हा आकडा देतो तो सेन्सर म्हणजे कूलंटमध्ये बुडालेला एक थर्मिस्टर. थंडीत त्याचा रोध जास्त, गरम झाला की कमी. पुष्कळ गाड्यांत २० अंशांना तो अडीच हजार ओहमच्या आसपास असतो आणि ८० अंशांना तीनशेच्या घरात येतो. इंजिनचा कॉम्प्युटर यावरून तापमान ठरवतो आणि ० ते २५५ मधल्या एका आकड्यात कळवतो. त्यातून ४० वजा करायचे की अंश सेल्सिअस मिळतात. त्यामुळे फोनवर उणे ४० दिसलं, तर तुमची गाडी लडाखला गेलेली नाही, सेन्सरची वायर सुटलीय. कॉम्प्युटर त्याच बिघाडाची नोंद पी०११८ या कोडने करतो. उलट वायर शॉर्ट झाली तर थंड इंजिनही प्रचंड तापलेलं दिसतं; तो पी०११७. अशा वेळी रेडिएटर खोलणं म्हणजे घड्याळ बंद पडलं म्हणून सूर्याला बोल लावणं.

अर्धवट बिघडलेला सेन्सर ओळखायची एक सोपी वेळ आहे, सकाळची. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. चावी फिरवायची, इंजिन सुरू करायचं नाही आणि दोन आकडे बघायचे: कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. दोन्ही जवळपास सारखे हवेत. हवा २४ आणि कूलंट ४५ दाखवत असेल, तर कोणीतरी खोटं बोलतंय.

याला जोडूनच एक धोक्याची गोष्ट. सेन्सर द्रवात बुडालेला असला तरच खरं सांगतो. पाईप फुटून कूलंट रस्त्यावर सांडलं, की सेन्सर वाफेत किंवा कोरड्या हवेत लोंबकळतो आणि कधीकधी काटा चक्क खाली येतो. "बरं झालं, उतरला एकदाचा" म्हणत माणूस पुढे पाच किलोमीटर जातो आणि इंजिनचं हेड वाकवून बसतो. वाफ दिसली आणि मग काटा उतरला, तर त्या उतरण्यावर विश्वास ठेवू नये.

गाडी खरंच तापतेय अशी खात्री झाली, की मग मिस्त्रींचा प्रश्न: कधी?

सिग्नलला, गर्दीत तापते आणि हायवेला लागली की निवते, तर वाऱ्याचा प्रश्न आहे, म्हणजे पंख्याचा. उभ्या गाडीत एसी लावून बघा, बहुतेक गाड्यांत लगेच पंखा फिरला पाहिजे. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले. फ्यूजच्या डब्यात हॉर्नचा रिले बऱ्याचदा त्याच जातीचा असतो. दोन्हींची अदलाबदल केली आणि पंखा फिरला, तर बिघाड शंभर-दोनशे रुपयांत आटोपला. एवढं ध्यानात ठेवा, की इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटं लांब. जीपच्या जातीच्या डिझेल गाड्यांत पंखा इंजिनवरच बसवलेला असतो आणि त्यात व्हिस्कस क्लच असतो. इंजिन गरम असताना बंद करून तो हाताने फिरवून बघावा. गरगर मोकळा फिरला तर क्लच गेला.

उलट गर्दीत ठीक, पण हायवेला किंवा चढावर तापते, तर वारा आहे पण उष्णता त्याच्यापर्यंत पोचत नाही. रेडिएटर बाहेरून बुजलेला असेल, आतून बुजलेला असेल, पंपाची पाती झिजलेली असतील किंवा जास्त वेगाला पंपाकडे जाणारा मऊ पडलेला पाईप आत ओढला जात असेल. बाहेरून बुजणं आपल्याकडे फार. सुगीच्या दिवसांत गावोगाव रस्त्यावर मळणीसाठी पसरलेल्या पिकाचं भुसकट एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतं, पावसाळ्यात त्यावर चिखल बसतो आणि समोरून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं. ते इंजिनच्या बाजूने पुढे असं, हलक्या धारेने धुवावं. सर्व्हिसिंगवाल्याच्या जोरदार फवाऱ्याने पातळ पत्रे मुडपतात आणि मग वाऱ्याला वाट उरत नाही.

आतून बुजणं हे पाण्याचं पाप. नगर, सोलापूर, मराठवाड्यात बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो, आणि तिथली नळी गीझरच्या पाईपपेक्षा कितीतरी बारीक. "आत्ता पाणीच घाला, कूलंट नंतर बघू" हे वाक्य मी किमान चार गॅरेजांत ऐकलंय. ते नंतर कधी येत नाही. डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर मिळतं. तेही नसेल तर घरच्या आरओचं चालेल, पण बोअरचं नको. कूलंटच्या रंगावरही जाऊ नका. हिरवा, लाल, निळा हे कंपन्यांनी घातलेले रंग आहेत, जात त्यावरून ठरत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं घाला आणि दोन जाती एकत्र करू नका.

गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच तापली, इंजिनकडचा पाईप चटका देतोय आणि रेडिएटरमधून परत येणारा पाईप थंडगार आहे, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय. काटा वर-खाली झोके घेतोय, तर कूलंट कमी आहे किंवा आत हवा अडकलीय. नुकतंच पाईप किंवा पंपाचं काम झालं असेल तर शंका हवेवर घ्यावी.

आणि एक प्रकार ज्याची तक्रार कोणी करतच नाही: गाडी तापतच नाही. हायवेला पाऊण तास चालवली तरी आकडा ७० च्या वर जात नाही. मालक खूश, इंजिन थंड! प्रत्यक्षात थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो. कॉम्प्युटरला इंजिन अजून गरम झालेलं दिसत नाही म्हणून तो जास्त पेट्रोल ओतत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइल नीट तापत नाही आणि झीज वाढते. याचा कोड पी०१२८. काही गॅरेजांत हा बिघाड मुद्दाम बसवून मिळतो. "आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागत नाही साहेब, काढूनच टाकतो." हा सल्ला चूक आहे. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट रेडिएटरचा दरवाजा उघडतो तेव्हाच आतल्या आत फिरणारी आडवाट बंद करतो. तो काढला की आडवाट कायमची उघडी राहते, गरम कूलंटचा काही भाग रेडिएटर चुकवून तसाच परत जातो आणि चढावर गाडी पहिल्यापेक्षा जास्त तापते.

माझ्या गाडीच्या बाबतीत मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून माझ्याच हातात दिला. "बदलू नका, घरी उकळून बघा." संध्याकाळी गॅसवर जुनं तपेलं, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, शेजारी थर्मामीटर. दोघांनीही तळाला टेकायचं नाही, नाहीतर आकडा चुकतो. आई स्वयंपाकघरात आली. "अरे, काय शिजवतोयस हे?" मी सांगितलं. "ते तपेलं आता घरात नको बाई," एवढंच म्हणून ती बघत उभी राहिली. पितळी डबीत मेण भरलेलं असतं. ते वितळताना फुगतं आणि दांडा ढकलतं. ७० ला काही नाही, ८० ला काही नाही. ८३ ला कडेला केसाएवढी फट दिसली, ९५ होईतो बोटभर रुंद झाली. त्यावर ८२ कोरलेलं होतं. गॅस बंद केल्यावर तो हळूहळू पुन्हा मिटला. थर्मोस्टॅट निर्दोष.

मग तो परत बसवून रविवारी सकाळी दिवे घाट. बायको शेजारी फोन धरून आकडे वाचत होती. सपाटीला ८८ ते ९३, वर-खाली, अगदी शहाण्यासारखं. अर्ध्या चढावर ९७, पंख्याचा आवाज आला. वर पोचताना १०३. गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडलं, तर बाटलीत पाणी रटरटत होतं. काटा अजून मध्येच.

आकडे ऐकून मिस्त्री म्हणाले, "१०३ ला उकळायचं कारणच नाही." म्हणजे इंजिन जास्त तापत नव्हतं, कूलंट लवकर उकळत होतं. त्याला कारणं दोनच. एक तर दाब टिकत नाही, नाहीतर हेड गॅसकेट फुटून सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात येतोय.

दुसरं कारण महागाचं, म्हणून आधी ते तपासलं. गॅसकेट गेलं असेल तर थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटाभरात रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतात, पाईप लगेच दगडासारखा कडक होतो, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो, कधी ऑइलचा दुधाळ चहा होतो. खात्रीसाठी एक निळं द्रव असतं. रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून आतली हवा त्यातून ओढायची. जळका वायू असेल तर तो निळा रंग पिवळा पडतो. माझा निळाच राहिला. त्या दोन मिनिटांत मी हेड खोलण्याचा खर्च मनात तीनदा मोजला होता.

"सकाळी पाईप कसा दिसतो ते बघितलंत?" मिस्त्रींनी पुन्हा विचारलं. या वेळी बघितलं होतं. वरचा जाड पाईप रोज सकाळी चपटा झालेला असायचा, कोणीतरी दाबून ठेवल्यासारखा. ते हसले. झाकणाला झडपा दोन असतात. एक दाब धरून ठेवते आणि जास्त झालेलं कूलंट बाटलीत सोडते. दुसरी रात्री, इंजिन निवून आत पोकळी झाली की, बाटलीतलं कूलंट परत आत घेते. ही दुसरी झडप चिकटली की कूलंट परत येत नाही आणि पाईप आत ओढला जातो. त्यांनी झाकण काढून हातपंपाला लावलं. ०.९ लिहिलेल्या झाकणाने ०.२ ला मान टाकली.

त्यात माझाही हात होता. घाटातल्या त्या दुपारनंतर मी जे ओतत राहिलो ते साधं पाणी. कूलंट पातळ झालेलं, वर दाब नाही, मग शंभराच्या जरा पुढे गेलं की उकळणारच.

घाटात अडकलात तर करायच्या गोष्टी थोड्या आहेत. काटा चढायला लागला की एसी बंद आणि हीटर पूर्ण गरम, पंखा जोरात. मे महिन्यात हे अघोरी वाटतं, पण हीटर हा छोटा रेडिएटरच असतो आणि खिडक्या उघड्या ठेवल्या की तुम्ही जगता. वाफ दिसली किंवा कूलंट सांडलं, तर इंजिन लगेच बंद. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात नाही. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, हेडला तडा जातो. आणि सांडलेलं कूलंट पाण्याने धुऊन टाका. त्याची चव गोड असते, कुत्री ते चाटतात आणि ग्लायकॉल त्यांच्या मूत्रपिंडावर उठतं. लहान मुलांच्या हाती उरलेला डबा लागू देऊ नका, तेही याचसाठी.

नवं झाकण अडीचशे रुपयांना आलं. कूलंट काढून नवीन भरलं, हवा काढली आणि पुढच्याच आठवड्यात खंबाटकी चढलो: चार माणसं, एसी चालू, सर्वांत वरचा आकडा १०२, बाटली शांत. काढलेला जुना रेडिएटर मी गॅरेजमधून मागून आणला होता, तो अजून माळ्यावर आहे. परवा नळाखाली धरून बघितला. पाणी या तोंडातून त्या तोंडात धो धो गेलं.